अर्ध्या अंशाचे मोल : उबवणी यंत्र आणि सरीसृपगृहासाठी तापमापक

कोंबडीचे अंडे उबवण्यासाठी २१ दिवस लागतात आणि या काळात पंखा असलेल्या उबवणी यंत्रात सुमारे ३७.५ अंश सेल्सिअस तापमान टिकवावे लागते. त्याहून थोडे कमी तापमान सतत राहिले, तर पिल्ले उशिरा आणि अशक्त निघतात. जास्त उष्णता त्याहून घातक ठरते. पारा ४०-४१ अंशांवर काही तास राहिला, तर अंड्यातले जीव दगावू शकतात. खुडूक कोंबडी ही ऊब आपल्या अंगाने राखते. यंत्रात मात्र सगळी भिस्त तापमापकावर असते.

सरपटणाऱ्या प्राण्यांच्या बाबतीत तापमानावर आणखी एक गोष्ट ठरते, ती म्हणजे पिल्लाचे लिंग. मादलेन शार्निये या फ्रेंच संशोधक महिलेने १९६६ साली सेनेगलमधल्या अगामा सरड्यावर हा परिणाम प्रथम नोंदवला. पुढे अनेक कासवांत आणि सर्व मगरींत तो आढळला. भारतीय मगरीवर चेन्नईजवळच्या मद्रास क्रोकोडाइल बँकेत अभ्यास झाला. त्यात २८ ते ३१ अंशांवर उबवलेल्या अंड्यांतून केवळ माद्या निघाल्या, तर नर ३२.५ अंशांच्या आसपास मिळाले. म्हणजे एखाद्या अंशाने चुकणारा तापमापक अख्ख्या घरट्यातल्या पिल्लांचे लिंग बदलू शकतो.

तापमापक घेताना पहिली फसगत पडद्यावरच्या दशांशाने होते. ३७.५ असा आकडा दिसला, की उपकरण दशांशापर्यंत अचूक आहे असे वाटते. उपकरण किती बारीक आकडा दाखवते ही एक गोष्ट आणि तो आकडा किती खरा आहे ही दुसरी. वेष्टनावर ‘± १ अंश’ असे छापलेले असेल, तर पडद्यावर ३७.५ दिसत असताना प्रत्यक्ष तापमान ३६.५ ते ३८.५ यांत कुठेही असू शकते. अंडी उबवण्यासाठी ± ०.५ अंश ही निदान मर्यादा धरावी, ± ०.२ अंशाचा तापमापक मिळाला तर उत्तम.

बाजारात तापमापकांचे पाच प्रकार सहज मिळतात. काचेच्या नळीचा तापमापक विजेवाचून चालतो, पण त्यातल्या द्रवाचा स्तंभ मध्येच तुटला तर तो चुकीचा आकडा दाखवतो. तबकडीवर काटा फिरणारे स्वस्त तापमापक बरेचदा दोन-तीन अंशांनी चुकतात. काचेला चिकटवायची रंग बदलणारी पट्टी मुख्यतः त्या काचेचेच तापमान सांगते, म्हणून हे दोन्ही प्रकार टाळावेत. वायरच्या टोकाला प्रोब असलेला डिजिटल तापमापक या कामाला सर्वांत सोयीचा. प्रोब आत आणि पडदा बाहेर ठेवता येत असल्याने झाकण उघडावे लागत नाही. किमान-कमाल तापमानाची नोंद ठेवणारा असेल, तर रात्री वीज गेल्यावर आतले तापमान किती उतरले तेही सकाळी कळते.

पाचवा प्रकार इन्फ्रारेड बंदुकीचा. ती हवेचे नव्हे, पृष्ठभागाचे तापमान मोजते. दगड, लाकूड, वाळू यांवर ती चांगली चालते. चकचकीत धातूवर फसते. काचेतून रोखली तर आतल्या दगडाऐवजी काचेचाच आकडा देते.

प्रोब कुठे ठेवला यावर मोजमापाचा खरेपणा अवलंबून असतो. पंख्याच्या यंत्रात हवा खेळती असल्याने अंड्यांच्या जवळ कुठेही प्रोब ठेवला तरी फारसा फरक पडत नाही. बिनपंख्याच्या यंत्रात गरम हवा वर साठते. तिथे प्रोब अंड्यांच्या वरच्या पातळीवर ठेवून तापमान ३८.३ ते ३८.९ अंश राखतात. प्रोब बल्बच्या झोतात किंवा पाण्याच्या भांड्याला टेकलेला नसावा.

सरीसृपगृहात एकच तापमान नको असते. तिथे एक टोक उबदार आणि दुसरे थंड ठेवतात, म्हणजे प्राणी गरजेप्रमाणे जागा बदलून अंगाची उष्णता सांभाळतो. ऑस्ट्रेलियातल्या बिअर्डेड ड्रॅगन या सरड्याला शेकायला सुमारे ४० अंशांचा दगड लागतो आणि थंड बाजूला २५ अंशांच्या आसपास हवा लागते. त्यामुळे दोन टोकांना दोन प्रोब आणि शेकायच्या जागेसाठी इन्फ्रारेड बंदूक अशी जोडणी योग्य ठरते. (तारा कासवासारखे देशी सरीसृप घरी पाळणे वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.)

नवा तापमापक वापरण्याआधी तपासून घ्यावा. बर्फाचा चुरा भांड्यात दाबून भरावा, फटी भरतील एवढेच पाणी ओतावे आणि जलरोधक प्रोब मधोमध, भांड्याला न टेकवता धरावा. काही मिनिटांनी ० अंश दिसायला हवे. उकळत्या पाण्याची कसोटी उंचीमुळे फसते. पाणी मुंबईत १०० अंशांना उकळते, पुण्यात सुमारे ९८ आणि महाबळेश्वरला ९५-९६ अंशांनाच.

उबवणीसाठी खरी कसोटी ३७ अंशांच्या आसपासच घ्यावी. थर्मासमध्ये तेवढे कोमट पाणी घेऊन ताप मोजायचा चांगला डिजिटल थर्मामीटर आणि प्रोब यांची टोके शेजारी-शेजारी बुडवावीत व पाणी ढवळत राहावे. वैद्यकीय थर्मामीटर या पट्ट्यात सहसा ०.१ अंशापर्यंत अचूक असतो. दोन्ही आकड्यांतला फरक कागदाच्या पट्टीवर लिहून उपकरणाला चिकटवावा. अनेक थर्मोस्टॅटमध्ये तो वजा करण्याची सोयही असते. मोठ्या हॅचरीने किंवा प्राणिसंग्रहालयाने एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून प्रमाणित करून घेतलेला एक तापमापक जवळ ठेवावा आणि बाकीचे त्याच्याशी ताडून पाहावेत.

उबवणी यंत्रात दोन स्वतंत्र तापमापक असावेत. एक बिघडला तर दोघांतला फरक लगेच लक्षात येतो. अंड्यांची प्रत्येक नवी खेप लावण्यापूर्वी, तसेच बॅटरी बदलल्यावर किंवा प्रोब आपटल्यावर तपासणी पुन्हा करावी. यंत्र अंडी न ठेवता एक दिवस चालवून तापमान स्थिर राहते याची खात्री पटली, की मगच अंडी आत ठेवावीत.