घरोघर पत्रक की निवडक घरी पत्र?

लहानसा धंदा सुरू करणाऱ्या माणसाला भांडवल, जागा आणि माल यांची विवंचना असते. ती एकदाची मिटली की एक नवीच विवंचना पुढे उभी राहते. आपण दुकान मांडले आहे, हे लोकांना कळावे कसे? मोठ्या कंपनीला वृत्तपत्राचे पान विकत घेता येते. पिठाची गिरणी चालविणाऱ्याला, शिवणकाम करणाऱ्या भगिनीला किंवा घरी फराळाचे पदार्थ करून विकणाऱ्या कुटुंबाला ते शक्य नसते. बेंगळुरूसारख्या शहरात चौकातील फलकाचा मार्गही पूर्वीइतका मोकळा राहिलेला नाही. २०१८ च्या ऑगस्ट महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तेथील महानगरपालिकेने रस्तोरस्तीचे अनधिकृत फलक उतरवून टाकले, ही गोष्ट अनेकांच्या स्मरणात असेल. भ्रमणध्वनीवर संदेश पाठविता येतात खरे, पण दिवसाकाठी असे कितीतरी संदेश आपण न वाचताच पुसून टाकतो. कागद निदान हातात तरी घ्यावा लागतो.

तेव्हा आपल्यापुढे कागदाचे दोन मार्ग उरतात. एक म्हणजे परिसरातील प्रत्येक घरी सरसकट पत्रक पोहोचविणे. दुसरा म्हणजे आपल्या मालाची गरज असलेली माणसे हेरून त्यांनाच नावानिशी पत्र धाडणे. पहिल्या मार्गात पैसे वाया जातात आणि दुसऱ्यात वाचतात, असे पुष्कळ लोक मानतात. हा समज अर्धाच खरा आहे, आणि त्यावर विसंबून दिवाळीची पुंजी खर्ची घालण्यापूर्वी वाचकांनी थोडा विचार करावा, एवढ्यासाठी हा लेख.

बेंगळुरूची जुनी पेठ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या प्रश्नाचे मूळ तेथे सापडेल. १५३७ साली पहिल्या केंपेगौडांनी वसविलेल्या या नगरात धंद्याप्रमाणे पेठा पडल्या. तांदळाची अक्किपेटे, कापसाची अरळेपेटे, बांगड्यांची बळेपेटे, तेल्यांची गाणिगरपेटे, कुंभारांची कुंभारपेटे. बांगड्या हव्या असणारे गिऱ्हाईक आपल्या पायांनी बळेपेटेत येई, आणि पेठेचे नाव हीच जाहिरात होती. पुढे १८९८ च्या प्लेगनंतर बसवनगुडी आणि मल्लेश्वरम या वसाहती आखल्या गेल्या आणि घरे रुंद, सरळ रस्त्यांवर पसरली. आता गिऱ्हाईक एकीकडे व दुकान दुसरीकडे झाले. शहर जसे वाढत गेले, तसे हे अंतरही वाढले. दुकानदाराने गिऱ्हाइकाकडे निरोप धाडण्याची वेळ आली ती तेव्हापासून.

निरोप नेण्याची व्यवस्था मात्र म्हैसूर राज्यात फार जुनी. सतराव्या शतकात चिक्कदेवराज वोडेयर यांच्या कारकिर्दीत तेथे राज्याचे स्वतःचे टपाल सुरू झाले. त्याला 'अंचे' म्हणत. १८८९ मध्ये ते ब्रिटिश हिंदुस्थानच्या टपाल खात्यात विलीन झाले, तरी कन्नडमध्ये टपालाला आजही अंचे हाच शब्द आहे.

नावानिशी पत्राचा धंद्याला उपयोग होतो, हे आपल्याकडच्या व्यापाऱ्यांनीही लवकरच ओळखले होते. १८७७ साली व्ही. पी. ची सोय झाली. माल आधी पाठवावा आणि किंमत पोस्टमनने वसूल करून आणावी, अशी ती व्यवस्था. तिच्यामुळे दूरच्या गिऱ्हाइकावर विश्वास टाकणे व्यापाऱ्याला परवडू लागले. पुण्यात १८८४ पासून चालत आलेल्या पेस्तनजी पोचा यांच्या बियाण्यांच्या पेढीचे सूचिपत्रक बागेची हौस असलेल्या कुटुंबांना ठाऊक असे. फुलझाडांचे बी शंभर घरांपैकी चारदोन घरांनाच हवे असते, आणि ती चारदोन घरे एका गल्लीत नसतात. अशा मालाची पत्रके गल्लीत वाटून काय होणार?

याच्या उलट उदाहरण बेंगळुरूच्याच साबणाचे आहे. १९१६ मध्ये तेथे स्थापन झालेल्या सरकारी कारखान्याच्या म्हैसूर चंदन साबणाची जाहिरात ट्रामच्या तिकिटांवर झळकली, आगपेट्यांवर छापली गेली, आणि कराचीत तर तिच्यासाठी उंटांची मिरवणूक निघाली. साबण कोणाला नको असतो? जो माल कोणीही घेऊ शकेल, त्याची दवंडी सर्वांपुढे पिटली तरी ती वाया जात नाही.

म्हणून आपण प्रथम आपल्या धंद्याची जात ओळखावी. पिठाची गिरणी, इस्त्रीचे दुकान, वाणसामान, लहान मुलांची शिकवणी यांचे गिऱ्हाईक चालत येण्याच्या अंतरावर राहते, आणि त्या अंतरातले जवळजवळ प्रत्येक घर गिऱ्हाईक होऊ शकते. येथे याद्या करीत बसणे व्यर्थ आहे. सकाळच्या वृत्तपत्रात घालून किंवा टपालाने, पत्रक घरोघर जाऊ द्यावे. भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये 'डायरेक्ट पोस्ट' नावाची सेवा काढली ती याचसाठी. पाकिटावर नाव नाही, पत्ता नाही. किमान हजार पत्रके द्यावी आणि नेमून दिलेल्या भागात पोस्टमनने ती वाटावी, अशी तिची योजना होती. अमेरिकेच्या टपाल खात्याने २०११ मध्ये अशीच एक सेवा सुरू केली, तीत पोस्टमनची संपूर्ण फेरीच निवडता येते. आपल्या विभागाच्या कचेरीत सध्याचे दर आणि अटी विचारून मगच छापखान्याकडे वळावे.

पोस्टमनचा हा मार्ग मला बेंगळुरूत विशेष मोलाचा वाटतो. तेथील बहुमजली संकुलांच्या फाटकावर पहारेकरी असतो आणि पत्रके वाटणाऱ्या पोराला तो आत सोडत नाही. पोस्टमनला मात्र वाट मिळते. सरसकट पत्रकाची छपाई मात्र कन्नडमध्ये व्हावी, हवा तर सोबत इंग्रजी मजकूर असावा. ज्या गावात आपण राहतो त्या गावाच्या भाषेत गिऱ्हाइकाला हाक मारावी, हे वेगळे सांगायला नको.

आता दुसऱ्या जातीचा धंदा पाहा. समजा, आपण शिवलेली नऊवारी नेसायला सोपी जावी अशी बेतून देता, किंवा पेट्या-तबले दुरुस्त करता, किंवा भाजणी, मेतकूट आणि अनारशांचे पीठ करून विकता. बेंगळुरूत मराठी वस्ती आजची नाही. १६३८ मध्ये हे नगर विजापूरकरांनी जिंकले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले, तेव्हापासून मराठी कुटुंबे तेथे नांदत आहेत. गवीपुरम आणि चिकपेठेच्या आसपासची घराणी पिढ्यान्‌पिढ्या तेथलीच झाली आहेत. त्यानंतर नोकरीनिमित्त आलेली कुटुंबे मात्र व्हाइटफील्डपासून इलेक्ट्रॉनिक सिटीपर्यंत विखुरलेली आहेत. एका संकुलात दोन घरे, दुसऱ्यात पाच, तिसऱ्यात एकही नाही. त्यांच्यासाठी अख्ख्या वसाहतीत पत्रके वाटणे म्हणजे एका रोपासाठी सारे शेत भिजविणे. येथे यादीच हवी, आणि त्या यादीतल्या माणसाला मराठीतून पत्र गेले तर ते फेकून देण्याआधी तो निदान दोन ओळी वाचील.

यादी करणे कष्टाचे काम आहे. दुकानात एक वही ठेवावी, गिऱ्हाइकाने आपण होऊन लिहिले तर नाव-पत्ता घ्यावा, आणि तो कशासाठी घेत आहोत हे तेथेच सांगावे. बेंगळुरूचे पत्ते लिहून घेताना मोठी दक्षता लागते, कारण 'तिसरा क्रॉस, पाचवा मेन' हे शब्द तेथे जवळजवळ प्रत्येक वसाहतीत आढळतात. वसाहतीचे नाव आणि पिनकोड नसेल तर पत्र भलत्याच तिसऱ्या क्रॉसवर जायचे. मल्लेश्वरमचा पिन ५६०००३, बसवनगुडीचा ५६०००४, चामराजपेटेचा ५६००१८. यातील पहिले तीन अंक टपालाची वर्गवारी करणारा जिल्हा सांगतात आणि शेवटचे तीन अंक वाटप करणारी कचेरी. १५ ऑगस्ट १९७२ पासून रूढ झालेली ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखली. हे गृहस्थ टपाल खात्यातील अधिकारी तसेच संस्कृतचे कवी होते, हे मराठी वाचकांना मुद्दाम सांगावेसे वाटते. आपली यादी पिनप्रमाणे लावून पाहिली तर गिऱ्हाईक कोणत्या भागात दाट आहे ते चटकन दिसते, आणि एखाद्या भागात ते फार दाट निघाले तर तेथे सरसकट पत्रक वाटणेही फायद्याचे ठरू शकते.

दुसऱ्याची यादी विकत घेण्याचा मोह मात्र टाळावा. एखाद्याने आपला पत्ता शिंप्याला दिला तो कपडे घरी यावेत म्हणून, तो सोनाराच्या हाती जावा म्हणून नव्हे. संसदेने २०२३ मध्ये व्यक्तींच्या संगणकीय माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला आणि त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाले. माहिती ज्या कारणासाठी घेतली त्याच कारणासाठी, संमतीने वापरावी आणि दिलेली संमती मागे घेता यावी, हे त्यातले सूत्र आहे. 'पत्रे नकोत' असे कोणी कळविले तर त्याचे नाव त्याच दिवशी खोडावे. शिवाय बेंगळुरूत भाड्याने राहणारी कुटुंबे पुष्कळ, ती घरे बदलतात आणि यादी शिळी होते. पाकिटावर आपला पत्ता ठळक छापावा, म्हणजे न पोहोचलेली पत्रे परत येण्याची आशा राहते.

आता हिशेब. पुढील आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. तीन हजार घरी पत्रके वाटली, छपाई आणि वाटप मिळून प्रत्येकी २ रुपये, म्हणजे ६,००० रुपये. हजारी दहा घरांतून गिऱ्हाईक आले, तर तीस नवी गिऱ्हाइके मिळाली आणि प्रत्येकाला २०० रुपये पडले. दुसरीकडे यादीतल्या २०० जुन्या गिऱ्हाइकांना पत्रे धाडली, कागद, पाकीट व तिकीट धरून प्रत्येकी १२ रुपये, म्हणजे २,४०० रुपये. त्यांपैकी वीस जण आले. प्रत्येकी १२० रुपये. पत्र स्वस्त ठरले, नाही का?

जरा थांबा. समजा, आपल्या यादीत २५० नावे होती आणि त्यांतील ५० आपण मुद्दाम, डोळे मिटून वगळली होती. त्या पन्नासांतूनही चार जण पत्राशिवायच आले. याचा अर्थ शंभरांत आठ जण एरवीही येणारच होते. तेव्हा दोनशेतले सोळा आपल्या पत्राने आले नाहीत, फक्त चार आले, आणि त्या चौघांपैकी प्रत्येकाला ६०० रुपये पडले! पन्नास ही संख्या लहान आहे, एखादा माणूस इकडचा तिकडे झाला तरी हिशेब बदलेल, हे कबूल. पण नेमून धाडलेल्या पत्राचे यश असे फसवे असते. ज्याचे पाय आपल्या दुकानाकडे वळलेलेच आहेत त्यालाच आपण हाक मारतो आणि तो आला की हाकेला श्रेय देतो. सरसकट पत्रकालाही हा दोष थोडाफार लागू आहे, कारण दारावरून जाणारा माणूस पाटी वाचूनही येतो. म्हणून त्याच्या वाटपातही एखादी गल्ली कोरी सोडून पाहावी.

मोजण्याचे साधन अगदी साधे आहे. क्लॉड हॉपकिन्स या अमेरिकन जाहिराततज्ज्ञाने १९२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात कूपनांवर खुणा करून जाहिराती पारखण्याचा आग्रह धरला होता. आपणही पत्रकावर एक खूण आणि पत्रावर दुसरी खूण छापावी, कूपन आणणाऱ्यास थोडी सूट द्यावी आणि आलेली कूपने दोन डब्यांत टाकावी. पहिल्या खेपेस तीन हजार पत्रके छापूच नयेत. पाचशे पुरेत. छापखानेवाला 'जास्त छापली तर स्वस्त पडतील' असे सांगेलच, पण रद्दी स्वस्तात मिळाली म्हणून तिचे सोने होत नाही.

बेंगळुरूत फराळ विकणाऱ्या कुटुंबाला तर दोन्ही मार्ग एकाच दिवसासाठी वापरता येतात. शेजारच्या घरांची उगादी आणि आपला गुढीपाडवा एकाच तिथीला येतात. कन्नड घरी त्या दिवशी होळिगे लागते, मराठी घरी कुणाला पुरणपोळी हवी असते, कुणाला श्रीखंड. होळिगे आणि पुरणपोळी एकाच तव्यावर भाजता येते. तेव्हा आसपासच्या चार गल्ल्यांत होळिग्यांचे कन्नड पत्रक आदल्या रविवारी वृत्तपत्रातून जावे. दूरच्या मराठी घरांची पत्रे त्याच्याही चार दिवस आधी टपालात पडावीत, कारण त्यांना मागणी नोंदवायला वेळ लागतो आणि आपल्याला पुरण किती शिजवायचे हे आदल्या दिवशी दुपारपर्यंत कळावे लागते.