कारंज्यात दोन दिवस

नरसोबाच्या वाडीला जाणारा मनुष्य एखाद्या रात्रीची तरी तयारी करून निघतो. गाणगापूरला जाणारा कित्येकदा पारायणाची पोथीच बरोबर घेऊन जातो. कारंज्याला येणारा मात्र गाडीतून उतरतानाच घड्याळ पाहतो. गुरुमंदिरात दर्शन, प्रसादाची पुडी, आणि परत. ज्यांचे आप्त कारंज्यात आहेत अशी मंडळीदेखील हल्ली असंच करू लागली आहेत, म्हणून हे चार शब्द.

पूर्वी हा प्रश्न नव्हता. मुंबई–हावडा मार्गावर मूर्तिजापूरला उतरायचं आणि तिथून यवतमाळकडे जाणारी अरुंद रुळांची छोटी गाडी धरायची. लोक तिला लाडानं शकुंतला म्हणत. मँचेस्टरला १९२१ साली बांधलेलं वाफेचं इंजिन या मार्गावर थेट १९९४ सालापर्यंत राबत होतं. त्या गाडीनं आलेल्या पाहुण्याला मुक्काम करावाच लागे. परत जायची घाई त्याच्या हातातच नव्हती! आता ती गाडी धावत नाही. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, त्यावर कारंज्याजवळ उतरण्याची सोय आहे, आणि नागपूरकर सकाळी निघून दुपारच्या जेवणाला घरी पोचू शकतो. सोय झाली हे खरंच. पण मुक्काम गेला, आणि मुक्कामाबरोबर निम्मं कारंजा गेलं.

येताना एक पाहावं. तिकीट काढताना 'कारंजा लाड' असं स्पष्ट सांगावं. वर्धा जिल्ह्यात दुसरं कारंजा आहे, कारंजा घाडगे. अर्धवट नाव सांगणारा तिकडे जाऊन पडायचा. आपलं हे लाडांचं कारंजा वाशीम जिल्ह्यातलं. लाड म्हणजे लाट देशाकडून, म्हणजे दक्षिण गुजरातेकडून आलेले व्यापारी, असं बहुधा मानतात. 'कारंजा' हे नाव मात्र करंज ऋषींवरून आलं, अशी आख्यायिका आहे. ऋषींना दुर्धर रोग जडला, त्यांनी अंबेची आराधना केली, देवीनं तळं निर्माण केलं आणि त्यात स्नान करून ते बरे झाले. ते ऋषितलाव पहिल्या दिवशी संध्याकाळी पाहावं.

मेलबर्न शहरात पाहुण्यांसाठी मध्यवस्तीला प्रदक्षिणा घालणारी फुकट ट्राम आहे म्हणतात. कारंज्यात ते काम मामांची मोटारसायकल करते. दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस असं गाव मागे बसून पाहता येतं, आणि प्रत्येक वेशीपाशी मामांना कोणीतरी ओळखीचं भेटून गाडी थांबते. त्याबद्दल कुरकुर करू नये. गावाची खरी हकीकत तिथेच ऐकायला मिळते. कस्तुरीच्या हवेलीची गोष्ट अशीच ऐकावी: उंटांवरून आलेली कस्तुरी कोणी घेईना, तेव्हा एका लाड सावकारानं ती सगळी विकत घेतली आणि बांधकामाच्या गाऱ्यात कालवून टाकली! गोष्ट कितपत खरी हे विचारू नये. या गावात पैसा किती होता, एवढंच तिच्यातून घ्यावं. त्याला इतिहासाचीही साक्ष आहे. १६७० साली शिवाजी महाराजांनी मोगलांच्या ताब्यातलं कारंजा लुटलं, तेव्हा उंची कापड आणि सोनं-चांदी चार हजार बैल-गाढवांवर लादून नेल्याची नोंद आहे. गावातला सर्वांत बडा सावकार तेवढा बाईचा वेष घेऊन निसटला. महाराजांच्या फौजेत स्त्रीला हात लागत नाही, हे त्या सावकाराला पक्कं ठाऊक होतं, असा याचा अर्थ मी करतो. आपल्या गावाची लूट इतक्या अभिमानानं सांगणारी माणसं मी दुसरीकडे पाहिली नाहीत.

आता गुरुमंदिर. श्रीनृसिंह सरस्वतींचा जन्म इथला, इ. स. १३७८च्या सुमाराचा. टेंबे स्वामींनी हे जन्मस्थान उजेडात आणलं आणि १९३४ साली ब्रह्मानंद सरस्वतींच्या हस्ते मंदिराची स्थापना झाली. दर्शनाबद्दल मी वेगळं काय सांगणार? पण गुरुचरित्रातली एक कथा इथे आठवते. लहानपणी घर सोडून गेलेले स्वामी संन्यास घेऊन पुष्कळ वर्षांनी कारंज्याला परत आले. आईवडील भेटले, बहीण भेटली, सारा गाव लोटला. प्रत्येक जण म्हणू लागला, आमच्या घरी भिक्षेला चला. तेव्हा स्वामींनी अनेक रूपं घेतली आणि एकाच वेळी घरोघरी जाऊन पूजा स्वीकारली. आपल्याला ती विद्या नाही, म्हणून तर दोन दिवस लागतात. सकाळी मामांकडे, दुपारी आत्याकडे, रात्री मावससासऱ्यांकडे. एक घर सुटलं की वर्षभर ऐकावं लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, उन्हं चढायच्या आत, जैन मंदिरं पाहावीत. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ अशा तीन परंपरांची तीन मंदिरं या एका गावात आहेत. ही मुनिसंघांची नावं. तिघांच्याही भट्टारकांच्या गाद्या इथे होत्या. काष्ठासंघाच्या मंदिरातलं लाकडावरचं कोरीव काम सावकाश पाहण्याजोगं आहे. परंतु कारंज्याचं खरं धन मी म्हणेन ते इथले ग्रंथभांडार. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृत शिकवणारे प्रा. हिरालाल जैन यांनी इथली हस्तलिखितं अभ्यासली आणि १९३१ ते १९३४ या अवघ्या काही वर्षांत कारंजा जैन ग्रंथमालेतून अपभ्रंश भाषेतले ग्रंथ एकामागून एक प्रसिद्ध झाले. दहाव्या शतकातल्या पुष्पदंत कवीचं 'जसहरचरिउ' डॉ. प. ल. वैद्यांनी संपादिलं, 'णायकुमारचरिउ' हिरालालजींनी. मुनी कनकामराच्या 'करकंडचरिउ'त तर आपल्या धाराशिवच्या लेण्यांचं वर्णन आहे. अपभ्रंश म्हणजे अशुद्ध भाषा नव्हे, बरं का. प्राकृत आणि आजच्या मराठी-हिंदी-गुजरातीच्या मधली ती पायरी. ती पायरी विद्वानांना नीट दिसली त्यात कारंज्याच्या कपाटांचा वाटा मोठा आहे. पोथ्या पाहायच्या असतील तर आधी विचारून, वेळ ठरवून जावं. गावातली ओळख इथे उपयोगी पडते.

निसर्गाची आवड असणाऱ्यानं पहाटे सोहोळच्या अभयारण्याकडे जावं. काळविटांचे कळप दिसतात.

आणि जेवण. रोडगे खाल्ल्याशिवाय निघू नये. कणकेची पोळी लाटायची, तेलातुपाचा हात लावून तिच्या घड्या घालायच्या, गोळा वळायचा आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरायचा. वर काळा, आत पापुद्रे सुटलेला. राख झटकून, हातानं फोडून, वर तूप. बरोबर वांग्याची रस्सेदार भाजी आणि वरण. शेतात विहिरीपाशी हा बेत असला तर बहुधा पुरुषमंडळीच विस्तवाशी बसतात. पण याला तीन-चार तास हवेत. 'अर्ध्या तासात निघायचंय' असं म्हणणाऱ्या पाहुण्याला पोहे मिळतात, रोडगे मिळत नाहीत.

रात्रीचं सांगायचं राहिलं. कारंज्यातल्या पुष्कळ जुन्या घरांत आता दोन म्हातारी माणसंच असतात. मुलं पुण्याला, एखादा परदेशी. माडीवरची खोली वर्षभर बंद. पाहुणा राहणार असं कळलं की ती झाडली जाते, गाद्यांना ऊन दिलं जातं, फणीच्या डब्यामागचा जुना फोटो बाहेर येतो. जेवणानंतर ओसरीवर आत्याबाई बोलायला लागतात. कोणत्या शेताची वाटणी कशी झाली, आपल्या आजोबांचं आणि त्यांच्या भावाचं बोलणं का तुटलं, आपली आई लग्नाआधी कशी गात असे. ह्या गोष्टी टेलिफोनवर कोणी सांगत नाही. दिवसा दर्शनाला येऊन जाणाऱ्यालाही त्या कळत नाहीत. रात्री दहानंतर, दिवा बारीक केल्यावर, त्या निघतात. आणि सांगणारी माणसं थोडी उरली आहेत.

सोमवारी सकाळी निघताना 'काहून बाप्पा, आला तसाच चालला?' असं ऐकावं लागेलच. दोन दिवस राहिलात तरी ते चुकत नाही. पिशवीत सरगुंडे, मुगवड्या आणि तिखटाची पुडी पडते, ती नाही म्हणू नये. मूर्तिजापूरकडे जायला एस. टी. मिळते, तिथून पुढे रेल्वे.