मुदपाकखान्यातले राजकारण

राजवाड्याच्या मुदपाकखान्यात नुकतीच दाखल झालेली एक अनाथ मुलगी. तिची शिक्षिका तिला प्यायला पाणी आणायला सांगते. मुलगी पाणी आणते, शिक्षिका ते परत पाठवते. पुन्हा आणते, पुन्हा परत. असे किती तरी वेळा घडते. शेवटी मुलगी विचारते, पोट दुखते आहे का? पोट साफ झाले का? घसा धरला आहे का? घसा जरा दुखतो, असे उत्तर मिळते. मग ती कोमट पाण्यात थोडे मीठ घालून आणते आणि सावकाश प्यायला सांगते. धडा पूर्ण होतो. ताट वाढण्याआधी खाणाऱ्याची विचारपूस करावी!

हा प्रसंग 'दे जांग-गुम' या कोरियन मालिकेतला. दक्षिण कोरियाच्या एमबीसी वाहिनीवर सप्टेंबर २००३ ते मार्च २००४ या काळात तिचे ५४ भाग दाखवले गेले. दिग्दर्शक होते ली ब्युंग-हून आणि नायिका ली यंग-ए. पुढे ही मालिका आशियातील अनेक देशांत पोहोचली, इराणमध्येही ती घराघरांत पाहिली गेली.

दरबारी मालिका आपल्याला नव्या नाहीत. त्यांतल्या स्त्रिया बहुधा दागिने घालून पडद्याआड उभ्या असतात आणि कुणाचे तरी कान भरतात. इथे मात्र सगळे डाव खेळले जातात ते चुलीपाशी.

चव आणि चढाओढ

मुदपाकखान्याचे मुख्य पद चोई घराण्याला आपल्याच हाती ठेवायचे आहे. कारण राजाचे ताट ज्याच्या ताब्यात, त्याचा दरबारात शब्द चालतो. त्यांच्या कारस्थानाला जांग-गुमची आई बळी पडते. पुढे गंधकयुक्त पाण्यावर वाढलेले बदक खाल्ल्याने राजा आजारी पडला, असा ठपका जांग-गुम आणि तिची शिक्षिका हान यांच्यावर येतो. दोघींना जेजू बेटावर हद्दपार केले जाते. हान वाटेतच प्राण सोडते. दासी झालेली जांग-गुम त्या बेटावर वैद्यक शिकते आणि वैद्य होऊन राजवाड्यात परतते. राजघराण्याची नाडी आता तिच्या हाती असते, पण ती विषाचा मार्ग धरत नाही. पुरावे गोळा करून न्याय मागते.

खरे किती?

जांग-गुम हे नाव कल्पित नाही. जोसॉन राजवटीच्या दप्तरात, राजा जुंगजोंगच्या काळात (१५०६ ते १५४४) या वैद्य स्त्रीचे उल्लेख आहेत. १५१५ मध्ये राणी बाळंतपणानंतर वारली, तेव्हा जांग-गुमला शिक्षा करावी असा आग्रह दरबाऱ्यांनी धरला. राजाने तो मानला नाही. १५४४ मध्ये शेवटच्या आजारात राजाने सांगितले, की आपल्या दुखण्याची माहिती या वैद्य स्त्रीला आहे. पण दप्तरात तिच्या जन्माची, मृत्यूची नोंद नाही. ती स्वयंपाकीण होती असेही कुठे म्हटलेले नाही. मोजक्या ओळींवर ५४ भागांचा डोलारा उभा आहे!

परपुरुषाने अंगाला हात लावण्यापेक्षा मरण बरे, असे मानणाऱ्या स्त्रियांसाठी कोरियात १४०६ पासून मुलींना वैद्यक शिकवले जाऊ लागले. मुली निवडल्या गेल्या त्या सरकारी दासींतून. म्हणजे राणीचा जीव ज्यांच्या हाती, त्यांचा दर्जा दासीचाच!

शेवटची जाणकार

मालिकेतील पक्वान्ने मात्र निव्वळ कल्पनेतली नव्हती. १९१० मध्ये जोसॉन राजवट संपली, पण राजवाड्यातला स्वयंपाक हान ही-सून या मुदपाकखान्यातील स्त्रीच्या हातात शिल्लक होता. ह्वांग हे-संग या प्राध्यापिकेने तो तिच्याकडून शिकून लिहून ठेवला. १९७१ मध्ये सरकारने या पाककलेला राष्ट्रीय वारशाचा दर्जा दिला आणि पुढच्याच वर्षी हान ही-सून वारली. ह्वांग यांची कन्या हान बोक-ऱ्यो हिने या मालिकेसाठी खाद्यपदार्थांचे मार्गदर्शन केले.

ह्वांगबाई वही घेऊन वेळेवर बसल्या नसत्या तर? राजांची नावे दप्तरात राहिली असती, त्यांच्या ताटातली चव मात्र त्या वृद्धेबरोबर गेली असती.

आपल्या घरातही आजीच्या हातचा गोडा मसाला असतो, बाळंतिणीचे लाडू असतात, घसा धरला की द्यायचा काढा असतो. प्रमाण विचारले तर ती 'अंदाजाने' म्हणून हसते. तो अंदाज कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. तेव्हा एखाद्या रविवारी मालिका बाजूला ठेवा आणि वही-पेन घेऊन तिच्याजवळ बसा. पण त्याआधी तिला पाणी द्या, आणि कसे हवे ते विचारायला विसरू नका.