शनिवारची पोटदुखी

राजगडाचा पाली दरवाजा ज्या गावाच्या बाजूला उतरतो, त्या पालीच्या परिसरातून एक आई आपल्या १२ वर्षांच्या मुलीला घेऊन आमच्या सरकारी रुग्णालयात आली. (ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मुलीचं पोट दुखायचं, पण फक्त शनिवारी. जंत, लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, सगळं तपासून झालं. वजन व्यवस्थित, सोनोग्राफी नॉर्मल. शेवटी आमच्या सिस्टरांनी तिला बाजूला बसवून विचारलं, ‘‘शनिवारी काय असतं गं?’’

शनिवारी शहरात बुद्धिबळाचा क्लास असायचा. वीस-बावीस मुलगे आणि ही एकटी. ती जिंकली की ‘मुद्दाम हरलो तिच्याशी’, हरली की ‘मुलींचं कामच नाही हे’. एक मोठा मुलगा चाल दाखवायच्या निमित्तानं हात धरायचा. सरांना सांगितलं, तर ‘लक्ष देऊ नकोस’ एवढंच उत्तर.

तिची पोटदुखी खोटी नव्हती. मेंदू आणि आतडी मज्जातंतूंनी जोडलेली असतात. मनावर ताण असला की आतड्यांची हालचाल बदलते आणि एरवी न जाणवणारी संवेदनाही दुखू लागते. मात्र वजन घटणं, ताप, शौचातून रक्त किंवा झोपेतून उठवणारी वेदना असेल, तर ‘ताण असेल’ म्हणून सोडून देऊ नका, तपासणी करा.

ताण पोटावर थांबत नाही. बुद्धिबळात पुढच्या चार चाली डोक्यात धराव्या लागतात. ‘आपल्याकडे सगळे बघताहेत, चुकलो तर हसतील’ ही धास्ती त्याच जागेत येऊन बसते. इटलीतल्या संशोधकांनी २००८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. सारख्याच ताकदीच्या स्त्री-पुरुषांच्या ४२ जोड्या इंटरनेटवरून खेळवल्या. समोर कोण आहे हे माहीत नसताना स्त्रिया पुरुषांच्या बरोबरीनं खेळल्या. समोर पुरुष आहे हे कळल्यावर त्यांचा खेळ घसरला. तोच पुरुष ‘स्त्री आहे’ असं खोटं सांगितलं, तेव्हा खेळ पुन्हा सावरला. प्रयोग लहान आहे, पण विचार करायला लावणारा आहे.

‘मग अव्वल खेळाडूंत बायका कमी का?’ हा प्रश्न हमखास येतो. जर्मनीतल्या पहिल्या १०० पुरुष आणि १०० स्त्री खेळाडूंची तुलना करणारा अभ्यास २००९ साली आला. दोघांमधल्या फरकापैकी ९६ टक्के फरक एकाच गोष्टीनं समजावता येत होता. खेळणाऱ्या पुरुषांची संख्याच मुळात कितीतरी जास्त होती. म्हणजे खरा प्रश्न उरतो तो मुली पटाजवळ येतात का आणि आल्यावर टिकतात का, हा.

आपल्याकडे हा प्रश्न नवा नाही. मुंबईच्या रोहिणी खाडिलकर १९७६ साली, वयाच्या १३व्या वर्षी, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या तेव्हा गहजब झाला. प्रकरण ‘फिडे’पर्यंत गेलं आणि अध्यक्ष मॅक्स युवे यांनी स्त्रियांना अशा स्पर्धांतून अडवता येणार नाही, असा निर्णय दिला. दार उघडलं, पण नजरा बदलल्या नाहीत. नेदरलँड्समधल्या वाइक आन झी इथल्या स्पर्धेनंतर, २०२४ साली, नागपूरच्या दिव्या देशमुखनं जाहीरपणे लिहिलं, की प्रेक्षक तिच्या चालींपेक्षा कपडे, केस आणि उच्चार यांवरच बोलत होते. तेव्हा ती १८ वर्षांची होती. जुलै २०२५मध्ये तिनं बातुमीला महिला विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली. पण एवढी कणखर नसलेल्या किती जणी मध्येच घरी परतल्या, याची नोंद कुठेच होत नाही.

आमच्या वसतिगृहात कॅरमचा बोर्ड रात्रभर चालायचा. वर्गातल्या मुली कधी फिरकल्या नाहीत. ‘त्यांना आवड नसते’ असं मीही म्हणायचो. त्या खोलीत काय भाषा चालायची, हे मात्र आम्ही कधी ऐकलंच नव्हतं, कारण ती आमचीच होती.

उपाय महागडे नाहीत. क्लासमध्ये एकट्या मुलीऐवजी तिघी-चौघींना एकत्र प्रवेश द्यावा. शेरेबाजी आणि अंगलट यांबद्दलचा नियम भिंतीवर लिहावा आणि तक्रार ऐकणाऱ्या व्यक्तीचं नाव त्याखाली असावं, शक्यतो एखाद्या ताईंचं. तक्रार आली तर त्रास देणाऱ्याला थांबवावं, तिला घरी बसवू नये. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यात क्रीडासंस्था आणि स्पर्धेची जागाही येते. मुलांसाठी १०९८ आणि महिलांसाठी १८१ या हेल्पलाइन आहेत. पालकांनी ‘जिंकलीस का?’च्या आधी ‘मजा आली का?’ विचारावं.

त्या आईनं क्लास बंद केला नाही. ती स्वतः जाऊन बोलली, त्या मुलाची बॅच बदलायला लावली आणि शेजारच्या दोघींना सोबत धाडलं. तीन महिन्यांनी मुलगी तपासणीला आली. पोट कसं आहे, विचारलं. ‘‘बरंय,’’ म्हणाली आणि लगेच, ‘‘डॉक्टर, तुम्हाला खेळता येतं?’’

येतं, असं मला वाटत होतं. बाविसाव्या चालीला मी राजा आडवा केला.