केटामाइन घेतल्यावर ‘मी इथे नाहीच’ हे आकड्यात कसं मोजतात?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा आजचा एपिसोड लेखी स्वरूपात.

केटामाइन हे मूळचं भुलीचं औषध. अमेरिकेत त्याला १९७० मध्ये मान्यता मिळाली. २००० साली येल विद्यापीठातल्या गटाने डिप्रेशनच्या मोजक्या पेशंट्सना अगदी कमी डोस दिला, आणि काही तासांतच मूड सुधारताना दिसला. एरवीच्या गोळ्यांना यासाठी काही आठवडे लागतात, म्हणून ही मोठी गोष्ट.

पण याचा एक साइड इफेक्ट आहे, डिसोसिएशन. म्हणजे आपण स्वतःपासून सुटल्यासारखं वाटणं. हात आपलाच, पण परका वाटतो. वेळ ताणल्यासारखी होते. खोली स्वप्नातली वाटते.

आता हे मोजायचं कसं? बीपीला मशीन आहे, याला नाही. इथे सेन्सर म्हणजे खुद्द पेशंट, आणि औषध त्या सेन्सरवरच काम करतंय!

यासाठी सर्वात जास्त वापरली जाते ती ‘कॅड्स’ नावाची प्रश्नावली. १९९८ मध्ये ब्रेमनर आणि सहकाऱ्यांनी ती मांडली. केटामाइनच्या अभ्यासांत तिचे २३ प्रश्न विचारतात. प्रत्येकाला ० ते ४ गुण, म्हणजे जास्तीत जास्त ९२. प्रश्न साधारण असे: आजूबाजूचं खोटं वाटतंय का? शरीरापासून वेगळे झालात का? रंग, आवाज बदललेत का?

एस्केटामाइन या नाकातल्या स्प्रेच्या चाचण्यांत हे डोसआधी, ४० मिनिटांनी आणि दीड तासाने विचारलं गेलं. ग्राफ साधारण ४० मिनिटांना वर जातो आणि दीड तासात बहुतेकांचा खाली येतो. म्हणूनच २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता देताना अट घातली: डोसनंतर किमान दोन तास निगराणी, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत गाडी चालवायची नाही.

बरं, मग अडचण कुठे आहे?

एक म्हणजे, कॅड्स मुळात आघातातून गेलेल्या लोकांसाठी बनली. केटामाइनमधलं तरंगणं, मजा वाटणं तिच्यात नीट पकडलं जात नाही. दुसरं, बेरीज सगळं झाकते. दोघांचा स्कोअर २० असेल, पण एक शांत पडून असेल आणि दुसरा भीतीने घट्ट डोळे मिटून. डॉक्टरला कळायला हवा तो हा फरक.

तिसरी अडचण सगळ्यात गमतीची. तरंगायला लागलं की पेशंटला कळतंच, ‘मला खरं औषध मिळालंय.’ मग सुधारणा औषधाची की अपेक्षेची? २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ऑपरेशनची भूल दिलेल्या ४० पेशंट्सवर हे तपासलं. त्यांना डिसोसिएशन जाणवायचा प्रश्नच नव्हता. निकाल? केटामाइन आणि प्लासिबो, दोन्ही गट जवळपास सारखेच सुधारले. यावरून केटामाइन निकामी ठरत नाही, पण अपेक्षेचं वजन किती असतं ते दिसतं.

म्हणून तुमच्या ओळखीचं कुणी ही ट्रीटमेंट घेत असेल तर त्यांना एवढंच सांगा: नुसता आकडा देऊन थांबू नका. घाबरलात तर ‘घाबरलो’ म्हणा, नर्सला लगेच सांगा. आणि हे औषध घरी, स्वतःच्या मनाने कधीच नाही.

मन खूप जड झालं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!