माळीनगर : पाटाकाठची वस्ती

जुन्या गावाचे मूळ वेशीपाशी सापडते. माळशिरस तालुक्यातल्या माळीनगरचे शोधायचे तर पाटाकडे पाहावे लागते. १९२०च्या दशकात भाटघरचे मोठे धरण झाले, नीरेचा उजवा कालवा या माळरानात आला. पण उसाला पाणी देण्याची विद्या बाहेरून आली. सासवडची माळी कुटुंबे १८८५च्या नीरा डाव्या कालव्यावर ऊस-गुळात मुरलेली. पुढे मंदीत गुळाचे भाव कोसळले, १९३२ साली सरकारने देशी साखरेला संरक्षण दिले. तेव्हा या मंडळींनी स्वतःचाच कारखाना काढला, सासवड माळी शुगर फॅक्टरी. तिला सहकारी समजणारे पुष्कळ भेटतात. ती शेतकऱ्यांची, पण भागभांडवली कंपनी. प्रवरेचा सहकारी कारखाना त्यानंतरचा, १९५०चा.

अशा गावाच्या लोकसंख्येचा आकडा जपून वाचावा. २०११ची शिरगणती ९ ते २८ फेब्रुवारीत, म्हणजे ऐन गळितात झाली. तो सबंध काळ घराबाहेर असलेला माणूस जिथे असेल तिथे मोजायचा, असा नियम. म्हणजे मराठवाड्यातून आलेला ऊसतोड मजूर कागदावर पाटाकाठचा ठरतो आणि त्याचे गाव तेवढ्याने रोडावते; अर्थात, त्याच्या कोपीपर्यंत प्रगणक पोचला असेल तर.