आर्थिक महासत्ता व वऱ्हाडचा कापूस

उत्पादन, व्यापार, भांडवल व तंत्रविद्या यांच्या बळावर इतर देशांच्या अर्थव्यवहारांवर निर्णायक प्रभाव पाडणाऱ्या राष्ट्रास आर्थिक महासत्ता म्हणतात. सुपीक जमीन व विपुल कच्चा माल यांतून असे सामर्थ्य आपोआप निर्माण होते, असा समज आढळतो. त्याच्या मर्यादा वऱ्हाडच्या (अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ व वाशीम हे जिल्हे) कापसाच्या इतिहासावरून स्पष्ट होतात. येथील काळ्या जमिनीतील कापसावर दूरच्या देशांतील गिरण्या चालल्या; मात्र तो पिकविणारा प्रदेश मागासच राहिला.

ब्रिटनमध्ये कापूस पिकत नाही. सतराव्या शतकात तेथे भारतीय सुती कापडाची मोठी आयात होई. लोकर व रेशीम यांच्या धंद्यांच्या रक्षणार्थ १७०० व १७२१ च्या कायद्यांनी तिच्यावर निर्बंध घालण्यात आले आणि त्यांच्या आडोशाने तेथील सुती धंदाही वाढला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सूतकताईची यंत्रे निघाली. कोळसा, वाफेची शक्ती, बँका, जहाजे व वसाहतींच्या बाजारपेठा यांची जोड मिळून मँचेस्टर हे जागतिक कापडव्यापाराचे केंद्र बनले. कच्चा माल मुख्यतः अमेरिकेतील गुलामांच्या श्रमांतून येई. अमेरिकन यादवी युद्धात (१८६१–६५) हा पुरवठा खुंटला, तेव्हा लँकाशरच्या गिरणीमालकांचे लक्ष भारतीय कापसाकडे वळले.

वऱ्हाड प्रांत १८५३ च्या तहान्वये निजामाकडून ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आला होता. वऱ्हाडमार्गे नागपूरपर्यंतचा लोहमार्ग १८६७ मध्ये पूर्ण झाला, तर खामगावची शाखा १८७० मध्ये लॉर्ड मेयो याच्या हस्ते सुरू झाली. सुएझ कालव्यामुळे (१८६९) यूरोपचा सागरी मार्गही जवळचा झाला. अमरावतीच्या ‘उमरावती’ या जुन्या नावावरून येथील कापूस परदेशी बाजारात ‘ऊमरा’ म्हणून ओळखला जाई. अमरावती, अकोला, खामगाव व कारंजा येथील बाजार भरभराटीस आले. त्यांच्या नियमनासाठी १८९७ मध्ये कापूस व धान्य बाजारांविषयीचा कायदा करण्यात आला. तथापि सरकी काढणे व रुईच्या गाठी बांधणे एवढ्याच प्रक्रिया प्रायः येथे होत. कताई, विणाई, विमा व जहाजवाहतूक यांतील नफा बाहेर जाई. कापसाखालील क्षेत्र वाढल्याने धान्याची गरज बाजारावर अवलंबून राहिली. १८९९–१९०० च्या दुष्काळात याचे भीषण परिणाम दिसले. प्रांताची लोकसंख्या १८९१ मधील सु. २९ लाखांवरून १९०१ मध्ये सु. २७·५ लाखांवर आली.

कापसाच्या प्रदेशात गिरणी चालविणे अशक्य नव्हते. जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल नागपूर येथे १८७७ मध्ये सुरू झाली. पुढे अकोला, बडनेरा व अचलपूर येथेही गिरण्या निघाल्या. परंतु करविषयक धोरण भारतीयांच्या हाती नव्हते. विलायती कापडावरील आयातकर १८८२ मध्ये रद्द झाला. महसुलाच्या गरजेपोटी तो पुन्हा बसविल्यावर १८९६ मध्ये त्याचा दर ३·५ टक्के करण्यात आला व भारतीय गिरण्यांच्या कापडावर तितकेच उत्पादनशुल्क लादण्यात आले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९२ च्या पुण्यातील व्याख्यानात, प्रत्येक देशाच्या परिस्थितीस अनुरूप असे आर्थिक धोरण हवे, हा विचार मांडला होता.

जपानचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. असमान तहांमुळे १९११ पर्यंत त्यासही जकातीचे पूर्ण स्वातंत्र्य नव्हते. तरीही १८६८ नंतर तेथील शासनाने शिक्षण, यंत्रसामग्री व उद्योगसंघटन यांवर भर दिला. मुंबई–जपान जहाजवाहतूक १८९३ मध्ये सुरू झाली. कच्च्या कापसावरील आयातकर १८९६ मध्ये काढण्यात आला. आखूड धाग्याचा भारतीय कापूस इतर कापसात मिसळून सूत काढण्याचे कौशल्य जपानी गिरण्यांनी संपादन केले. या प्रगतीत अल्प वेतनावर राबणाऱ्या स्त्री-कामगारांचा वाटा मोठा होता. १९३० नंतरच्या दशकात कापडाच्या निर्यातीत जपानने ब्रिटनला मागे टाकले.

अमेरिकेचा दाखलाही बोलका आहे. कापूस निर्यात करूनही तो देश महासत्ता झाला, तो उत्तरेकडील संरक्षित उद्योग, कोळसा, लोखंड व विस्तृत देशांतर्गत बाजारपेठ यांमुळे; कापूस पिकविणारी दक्षिणेकडील राज्ये दीर्घकाळ मागे राहिली.

यावरून निसर्गसंपत्ती हे आर्थिक सामर्थ्याचे एक साधन होय, कारण नव्हे, असे दिसते. प्रक्रिया, पतपुरवठा, वाहतूक व करधोरण ही सूत्रे ज्याच्या हाती, त्याच्याकडे संपत्तीचा ओघ जातो. स्वातंत्र्योत्तर काळात महाराष्ट्र शासनाने १९७२ पासून एकाधिकार कापूस खरेदी योजना राबविली. २००२ पासून खाजगी व्यापाऱ्यांना पुन्हा खरेदीची मुभा मिळाली. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे वऱ्हाडचा प्रश्न देशापुढे आला. अमरावती येथील नियोजित वस्त्रोद्योग उद्यानाचे भूमिपूजन सप्टेंबर २०२४ मध्ये झाले. अशा प्रयत्नांचे यश उभ्या राहणाऱ्या यंत्रांवरून नव्हे, तर कापसाच्या वाढीव मूल्यातील किती वाटा तो पिकविणाऱ्याकडे राहतो, यावरून ठरेल.